रॉकेट ३ : एका बलाढ्य दुचाकीचे यंत्रबळ

मोटारसायकलीचा विषय निघाला की विद्यार्थ्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : ‘किती पळते?’ ती कशाच्या बळावर पळते, हे आमच्या मते आधी विचारावयास हवे. इंग्लंडमधील ट्रायम्फ कंपनीची ‘रॉकेट ३’ ही दुचाकी या दृष्टीने मोठी बोधप्रद आहे.

२००४ साली ती प्रथम बाजारात आली व २०१९ साली तिला नवे रूप मिळाले. या नव्या गाडीचे इंजिन २४५८ घनसेंटिमीटरचे असून त्यात तीन सिलिंडर आहेत. म्हणजे एकेकाच्या वाट्यास सुमारे ८१९ घनसेंटिमीटर येतात. आपल्याकडील मारुती ८०० मोटारीचे सबंध इंजिनच ७९६ घनसेंटिमीटरचे होते!

इंजिनाचा फिरविण्याचा जोर, ज्यास गॅरेजमधील मिस्त्रीही टॉर्क म्हणतो, मिनिटास ४००० फेरे असता २२१ न्यूटन-मीटर भरतो. एक मीटर लांब पान्याच्या टोकास साडेबावीस किलो वजन टांगले असता जो पीळ पडेल, तेवढा हा होय. येथे एक गंमत आहे. फेरे ६००० झाले की हा जोर घटतो, पण शक्ती मात्र वाढून १६७ अश्वशक्तीस पोहोचते. कारण शक्ती म्हणजे जोर आणि फेरे यांचा गुणाकार. रहाटाचा बैल जोर किंचित कमी लावूनही पावले भराभर टाकील, तर पाणी अधिकच निघेल. हे बळ मागील चाकास साखळीने नव्हे, दांड्याने पोहोचते.

कंपनीच्या म्हणण्याप्रमाणे ही गाडी शून्यापासून ताशी ९६ किलोमीटर वेग २.७३ सेकंदांत गाठते. गणित मांडून पाहावे : हे त्वरण जवळजवळ गुरुत्वाकर्षणाइतकेच येते! उंचावरून सोडलेला दगड ज्या झपाट्याने खाली येतो, त्याच झपाट्याने स्वार पुढे फेकला जातो.

आता थांबण्याचे पाहू. गाडी वळणावर कललेली असतानाही चाक जागीच अडकून घसरू नये, अशी ब्रेकांची योजना तिच्यात आहे. परंतु त्या वेगात समोर गाय दिसून हात ब्रेकवर जाईपर्यंत एक सेकंद गेला, तरी गाडी सत्तावीस मीटर पुढे गेलेली असते. ब्रेक लागल्यानंतरचे अंतर निराळेच. वेग दुप्पट झाला की ते चौपट होते. आमच्या गावच्या वाटेवर सत्तावीस मीटरांचा सरळ तुकडा शोधावाच लागेल.