जुना टेम्पो घेताना : आधी कागद, मग लोखंड

दररोज माल पोहोचविण्यासाठी भाड्याच्या टेम्पोवर विसंबून राहणे एका टप्प्यावर पेढीला परवडेनासे होते. नव्या वाहनात मोठे भांडवल अडकवावयाचे नसते, म्हणून दृष्टी जुन्या वाहनाकडे वळते. २००५ साली बाजारात आलेल्या टाटा एसमुळे ‘छोटा हत्ती’ हे नाव घरोघरी पोहोचले. अशा जुन्या गाड्यांचे सौदे बहुधा ओळखीतून आणि शब्दावर होतात. शब्दाला व्यापारात मोल आहेच. परंतु वाहनाच्या व्यवहारात कायदा शब्द पाहत नाही, नोंद पाहतो.

प्रथम आपली गरज ठरवावी. नोंदणी पुस्तकात रिकाम्या गाडीचे वजन आणि भरल्या गाडीचे कमाल वजन दिलेले असते. या दोहोंतील फरक हीच तिची वहनमर्यादा होय. कमाल वजन ३,००० किलोपर्यंत असल्यास मालवाहतुकीचा परवाना लागत नाही. मात्र मर्यादेपेक्षा अधिक माल भरल्यास २०,००० रुपये आणि प्रत्येक जादा टनामागे २,००० रुपये दंडाची तरतूद आहे.

गाडी सकाळी, इंजिन थंड असताना पाहावी. निळसर धूर दिसल्यास इंजिन ऑइल जळत आहे असे समजावे; काळा धूर इंधन नीट जळत नसल्याचे दर्शवितो. चासीवरील वेल्डिंगचे सांधे, पाट्यांतील तुटलेले पान आणि एका बाजूने झिजलेले टायर हे अतिभाराचे किंवा अपघाताचे साक्षीदार असू शकतात. रिकामी गाडी सारेच लपविते. म्हणून माल भरून, शक्य असल्यास चढावर चालवून पाहावी. विश्वासातील मेकॅनिकला दिलेली फी येथे वाया जात नाही.

यानंतरची पारख कागदांची. इंजिन आणि चासीचे क्रमांक पुस्तकाशी प्रत्यक्ष ताडून पाहावेत. फिटनेस, कर, विमा, पीयूसी आणि थकलेली ई-चलने तपासावीत. आठ वर्षांपर्यंतच्या व्यावसायिक वाहनाचे फिटनेस दोन वर्षांनी, त्यानंतर दरवर्षी करावे लागते. हा खर्च किंमत ठरविताना धरावा. पुस्तकावर कर्जाचा बोजा असल्यास वित्तसंस्थेचा ना हरकत दाखला आणि फॉर्म ३५ हाती आल्याविना पूर्ण रक्कम देऊ नये.

सर्वांत मोठी चूक होते ती नाव बदलण्यात. ‘पुढे करू’ म्हणून फॉर्म २९ आणि ३० कोऱ्या सहीनिशी पडून राहतात. एका प्रकरणात २००७ साली विकलेली मोटार पुढे अनेक हातांत गेली. २००९ साली तिच्या अपघातात एका मुलाचा जीव गेला. २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने भरपाईची जबाबदारी नोंदणीत ज्याचे नाव होते, त्या पहिल्या विक्रेत्यावरच ठेवली. जुना टेम्पो विकणाऱ्या पेढीनेही हे ध्यानी ठेवावे. राज्यांतर्गत विक्री झाल्यास विक्रेत्याने १४ दिवसांत, तर खरेदीदाराने ३० दिवसांत परिवहन कार्यालयास कळवावयाचे असते. विमा आपल्या नावे करून घेण्यासाठीही खरेदीदाराने १४ दिवसांत अर्ज करावा.

म्हणून इसार देतानाच लेखी पावती करावी, ताबा दिल्याची तारीख व वेळ तीत नमूद करावी, आणि रकमेचा काही भाग नाव चढेपर्यंत राखून ठेवावा. सौदा सख्ख्या आप्ताशी असला तरीही हा नियम सोडू नये. त्याने नात्यात कटुता येत नाही, उलट उद्याची कटुता टळते.