सुट्टीवर येताना मुलासाठी लॅपटॉप आणू का?

मे महिना जवळ आला की आखातातून रत्नागिरीला सुट्टीवर येणाऱ्यांच्या बॅगा भरायला लागतात. पूर्वी टेपरेकॉर्डर, ब्लँकेट, अत्तराच्या बाटल्या यायच्या. आता कुवेत, दोहा, दुबईहून व्हिडिओ कॉलवर विचारणा होते ती वेगळीच, "पोरगा दुसरीत गेला ना? त्याच्यासाठी लॅपटॉप घेऊन येऊ?" पोरगा मागे उभा राहून जोरजोरात मान हलवत असतो. आईच्या मनात 'इतक्यात नको' असतं. पण वर्ष-वर्ष लांब राहणाऱ्या माणसाने हौसेने विचारलंय, त्याला नाही कसं म्हणायचं? ती गप्प बसते आणि लॅपटॉप येतो.

आमचं मत आधीच सांगून टाकतो. घरात कॉम्प्युटर जरूर आणा, परवडत असेल तर लवकर आणा. पण सातव्या-आठव्या वर्षी तो मुलाच्या मालकीचा करू नका. घरातला कॉम्प्युटर वेगळा आणि 'माझा कॉम्प्युटर' वेगळा. आपल्याकडे नेमकी इथेच गल्लत होते.

पालकांची घाई आम्ही समजू शकतो. मार्च 2020 मध्ये शाळा बंद झाल्या तेव्हा घरात एक मोबाईल आणि तीन मुलं, अशी अवस्था कितीतरी घरांत होती. त्यात 3 जूनला निसर्ग चक्रीवादळ आलं. दापोली-मंडणगडकडच्या अनेक गावांत कित्येक दिवस वीज नव्हती, नेटवर्क तर विचारूच नका. ज्याच्याकडे साधन नाही त्याचं मूल मागे पडतं, हे आपण तेव्हा डोळ्यांनी पाहिलं. त्यामुळे 'आपल्या मुलाकडे स्वतःचं हवंच' असं वाटणं साहजिक आहे.

पण मुलाला स्वतःचा लॅपटॉप दिला की अभ्यास सुधारतो का? हा प्रयोग जगात मोठ्या प्रमाणावर झालाय, आणि त्याचं एक टोक आपल्या कोकणातच होतं. अमेरिकेतले निकोलस निग्रोपॉन्टे यांनी 'प्रत्येक मुलाला एक लॅपटॉप' ही मोहीम काढली होती. हिरव्या-पांढऱ्या रंगाचं छोटं, दणकट यंत्र. किंमत शंभर डॉलर ठेवायची होती, प्रत्यक्षात ती दोनशेच्या आसपास गेली. त्यांचं पहिलं तत्त्वच असं की लॅपटॉप शाळेचा नाही, मुलाच्या मालकीचा असला पाहिजे, आणि तो लहान वयात, साधारण सहा ते बारा वर्षांत हाती आला पाहिजे. भारताच्या शिक्षण खात्याने 2006 मध्ये या योजनेला नकार दिला. तरी 2007 मध्ये रायगड जिल्ह्यातल्या खैराट या छोट्या गावच्या शाळेत, वीसेक मुलांना हे लॅपटॉप देऊन भारतातला पहिला प्रयोग झाला. कर्जतच्या बाजूचं हे गाव. म्हणजे मुलाला स्वतःचा लॅपटॉप कधी द्यावा, हा प्रश्न कोकणाला नवीन नाही.

सगळ्यात मोठी खरेदी केली ती दक्षिण अमेरिकेतल्या पेरू देशाने. तिथे आठ लाखांहून जास्त लॅपटॉप वाटले गेले. मग 319 ग्रामीण शाळांचा अभ्यास झाला. गणित आणि भाषेच्या गुणांत काही फरक पडला नव्हता. विचार करण्याच्या काही क्षमता थोड्या वाढलेल्या दिसल्या, पण शाळेच्या अभ्यासात यंत्राने एकट्याने काही चमत्कार केला नाही.

रोमानियातला अनुभव तर आपल्या घरांना जास्त लागू पडतो. तिथल्या सरकारने कमी उत्पन्नाच्या कुटुंबांना घरी कॉम्प्युटर घ्यायला दोनशे युरोंची मदत दिली. नंतर अभ्यासकांनी बघितलं, तर मुलं कॉम्प्युटर चालवण्यात तरबेज झाली होती, पण शाळेतले गुण घसरले होते. वेळ गेम्समध्ये जात होता, गृहपाठ आणि वाचन कमी झालं होतं. मात्र ज्या घरात आई-वडिलांनी गृहपाठाचे नियम लावले होते तिथे नुकसान कमी दिसलं. यंत्र सगळीकडे तेच होतं, फरक घराच्या शिस्तीचा होता.

आता आपल्याकडे या. सात वर्षांचं मूल झालं की नमाजची सवय लावायची आणि दहाव्या वर्षी त्याबद्दल कडक व्हायचं, ही प्रेषित मुहम्मद (सल्ल.) यांची शिकवण आपल्या घराघरांत ठाऊक आहे. ती कॉम्प्युटरबद्दल नाही, आणि त्यातून आम्हाला कसला फतवा काढायचा नाही. पण तरबियतचा क्रम बघा. आधी सोबत उभं करून सवय, मग हळूहळू जबाबदारी. सात वर्षांच्या मुलाला आपण 'जा, तुझं तू बघ' म्हणत नाही, बाजूला उभं करतो. कॉम्प्युटरच्या बाबतीत मात्र पहिल्याच दिवशी डबा हातात देऊन खोलीचं दार लावून घेतो.

म्हणून पाच-सहा वर्षांपर्यंत मुलाने कॉम्प्युटरवर बसायचं ते कोणाच्या तरी मांडीला मांडी लावून. भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचं सांगणं असं की दोन वर्षांखालच्या मुलाला स्क्रीन नकोच (लांबच्या नातेवाइकांशी व्हिडिओ कॉल चालतो), दोन ते पाच वर्षांत दिवसाला जास्तीत जास्त एक तास, आणि पाच ते दहा वर्षांत दोन तासांच्या आत. यात टीव्ही आणि मोबाईलही धरायचा. सकाळची शाळा, संध्याकाळचा मदरसा, मग थोडं अंगणात खेळणं, हे सगळं करून मुलाच्या दिवसात उरतं किती? ऑनलाइन कुरआनचा क्लास असेल तर त्याचा वेळ आम्ही वेगळा धरू, पण डोळे तेच आहेत हे विसरू नये.

आठ-नऊ वर्षांपासून घरचा कॉम्प्युटर मुलाला खऱ्या अर्थाने वापरू द्यावा. आमचा सल्ला लॅपटॉपऐवजी डेस्कटॉपचा. जुना चालेल. तो हॉलमध्ये, येणाऱ्या-जाणाऱ्याला स्क्रीन दिसेल असा ठेवा. डेस्कटॉप चादरीत घेऊन झोपता येत नाही, हा त्याचा सगळ्यात मोठा गुण! या वयात शिकण्यासारखं भरपूर आहे. मराठी आणि उर्दू, दोन्ही टायपिंग शिकता येतं, त्यासाठी वेगळा पैसा लागत नाही. स्क्रॅच नावाचा फुकट प्रोग्राम आठ ते सोळा वर्षांच्या मुलांसाठीच केलेला आहे, त्यात मूल स्वतः गोष्टी आणि खेळ बनवतं. दुसऱ्याने बनवलेला गेम तासन्तास खेळणं आणि स्वतः एक साधा खेळ बनवणं यात किती अंतर आहे, ते एकदा शेजारी बसून बघितलं की कळतं.

मग स्वतःचा कधी? साधारण आठवी-नववी, म्हणजे तेरा-चौदा वर्षं. गूगलसुद्धा आपल्याकडे तेरा वर्षांखालच्या मुलाला स्वतःच्या जबाबदारीवर खातं काढू देत नाही, पालकांनी काढून द्यावं लागतं. पण वाढदिवसापेक्षा आम्ही दोन गोष्टी बघू. अजान झाली किंवा जेवायला हाक मारली, तर मूल आदळआपट न करता स्क्रीन बंद करतं का? आणि स्क्रीनवर काही वाईट, घाणेरडं किंवा भीतीदायक दिसलं तर ते घरात येऊन सांगतं का? पहिली गोष्ट शिस्तीने येते. दुसरी येते ती मुलाला आपली भीती वाटत नसेल तरच. 'दिसलं तर टांगून ठेवीन' असं ऐकलेलं मूल कधीच सांगणार नाही. उद्या कोणी अनोळखी माणूस गेममधून फोटो मागायला लागला तरी ते गप्प राहील. असं काही घडलंच तर मुलाला मारझोड न करता 1098 या चाइल्डलाइनवर फोन करा, आणि पैशाची फसवणूक असेल तर 1930 वर लगेच.

यापुढचा विषय थोडा अडचणीचा आहे, पण बोललंच पाहिजे. आपल्या कितीतरी घरांत रोजचं घर आई चालवते, कधी दादी-नानी सोबत असतात, आणि निर्णय फोनवरून येतात. आईने 'आज बस झालं' म्हटलं की मूल सरळ अब्बांना कॉल लावतं. अब्बा तिकडे बारा तासांची ड्युटी करून आलेले, पोराचा रडवेला चेहरा बघून म्हणतात, "अगं, खेळू दे ना थोडा वेळ." संपलं. त्यानंतर त्या आईच्या शब्दाला घरात किंमत राहत नाही, आणि ही गोष्ट लॅपटॉपपुरती थांबत नाही. आखातात असलेल्या आमच्या भावांना आमची विनंती आहे की कॉम्प्युटरचं मुख्य खातं आणि पासवर्ड बायकोकडे द्या. मुलाचं खातं वेगळं उघडा, विंडोजमध्ये वेळेची मर्यादा लावता येते, ती किती हे तुम्ही दोघांनी मिळून ठरवा. एकदा ठरलं की फोनवरून मोडू नका. 'तिला काय कळतं त्यातलं' असं मुलासमोर तर कधीच म्हणू नका. तिला येत नसेल तर सुट्टीत पहिले चार दिवस तिला शिकवा, पोराला नंतर.

आणि मुलींचं काय? लॅपटॉप मुलाच्या नावाने येतो, बहिणीला सांगितलं जातं, "दादाचा झाला की घे." 2025 च्या दहावीत आपला कोकण विभाग 98.82 टक्क्यांनी राज्यात पहिला आला. त्याच वर्षी राज्यभरात मुली 96.14 टक्के पास झाल्या, मुलगे 92.31 टक्के. मन लावून अभ्यास कोण करतंय ते समोर आहे. शिवाय अनेक मुलींना लांबच्या क्लासला पाठवायला घरचे तयार नसतात, म्हणजे घरातल्या कॉम्प्युटरची खरी गरज त्यांनाच जास्त. तो घराचा असेल तर दोघांचे तास सारखे वाटता येतात. एकाच्या नावाचा झाला की दुसरीने मागून घ्यायचा.

आता कोणी म्हणेल, लॅपटॉप तर येऊन पडलाय, पोराला दिलाही. काढून घेऊ नका, त्याने घरात नुसतं रणकंदन होईल. त्याला सांगा की हा आता सगळ्यांचा आहे, जागा हॉलमधली, आणि रात्री इशानंतर चार्जर आईकडे.

आणणार असाल तर थोड्या व्यवहाराच्या गोष्टी. अठरा वर्षांवरच्या प्रवाशाला एक लॅपटॉप ड्युटी न भरता आणता येतो. तिकडच्या कीबोर्डवर बहुधा अरबी अक्षरं असतात, चार्जरची पिन चौकोनी तीन दांड्यांची असते, त्यामुळे अडॅप्टर लागतो. वॉरंटी भारतात चालते का, हे दुकानातच विचारून बिलावर लिहून घ्या, नाहीतर बिघाड झाल्यावर इथे कोणी दाद देत नाही. किनाऱ्यावरच्या खाऱ्या, दमट हवेत लॅपटॉप कपाटात बंद करून ठेवू नका, पावसाळ्यात दिवसाआड थोडा वेळ तरी चालू करा. डेस्कटॉप असेल तर यूपीएस घ्याच, आणि वीज कडकडायला लागली की प्लग काढायचं काम घरातल्या सगळ्यात लहानाला न देता मोठ्याने करायचं.