विश्लेषण : नाशिकच्या सायकली कोणत्या महिन्यात मोजायच्या?

डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या नाशिककर बंधूंनी २०१५मध्ये ‘रेस अॅक्रॉस अमेरिका’ पूर्ण केली आणि सायकलमुळे शहराचे नाव गाजले. पण नाशिकच्या रस्त्यांवर रोज किती सायकली धावतात? उत्तर महिन्यागणिक बदलते. रस्त्याचे नियोजन मात्र बहुधा एकाच आकड्यावर होते.

आकडा का बदलतो?

नाशिकचा बहुतांश पाऊस जून ते सप्टेंबरमध्ये पडतो. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी गाठतो. मेमध्ये शाळा बंद असतात, त्या उघडतात ऐन पावसाच्या तोंडावर. त्यामुळे मेमध्ये मोजणी केली तर विद्यार्थी जवळपास दिसणारच नाहीत. डिसेंबरातल्या रविवारी पहाटे गंगापूर रोडवर मोजणी केली तर हौशी सायकलस्वारच जास्त भरतील.

उपलब्ध माहिती पुरेशी का नाही?

२०११च्या जनगणनेत कामावर जाण्याचे साधन विचारले होते. पण फेब्रुवारीत सायकल सांगणारा कामगार जुलैत काय करतो, हे त्यातून कळत नाही. ‘स्ट्राव्हा’ अॅप २०२०पासून आपली एकत्रित माहिती नियोजनकारांना मोफत देते. मात्र हँडलला डबा अडकवून सातपूर किंवा अंबड एमआयडीसीत जाणारा कामगार आपली फेरी अॅपवर नोंदवेलच असे नाही. केवळ अॅपवर विसंबले तर मार्गिका व्यायामाच्या रस्त्यावर होईल, कामाच्या नाही.

मग मोजायचे कसे?

मोजक्या ठिकाणी वर्षभर चालणारी स्वयंचलित यंत्रे आणि इतर चौकांत आठवडाभराची मोजणी, ही जगभर वापरली जाणारी पद्धत. उदाहरणार्थ, यंत्राजवळ वर्षाची रोजची सरासरी ३०० आणि जुलैची १५० सायकली असेल, तर जुलैचा गुणक ०.५. तशाच वर्दळीच्या दुसऱ्या चौकात जुलैत रोज ८० सायकली मोजल्या, तर तिथली वार्षिक सरासरी साधारण १६० धरता येते. ऋतूचा विचार आपल्याकडेही नवा नाही. शहराबाहेरील रस्त्यांसाठी ‘इंडियन रोड्स काँग्रेस’च्या १९७२च्या संहितेने वर्षातून किमान दोनदा, सलग सात दिवस मोजणी सांगितली आहे : एकदा सुगीत आणि एकदा मंदीच्या काळात.

नाशिकला याचा उपयोग काय?

पावसात एखाद्या रस्त्यावर संख्या इतर रस्त्यांपेक्षा जास्त घटली, तर तिथे पाणी साचते का, खड्डे आहेत का, हे तपासता येईल. उन्हाळ्यात दुपारची संख्या घटली तर सावलीचा प्रश्न. मात्र २०२७च्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये सिंहस्थाची अमृतस्नाने आहेत. त्या काळातील मोजणी नेहमीच्या पावसाळ्याचे चित्र म्हणून वापरता येणार नाही.

सर्वांत महत्त्वाचा आकडा कदाचित सर्वांत छोटा असेल. भर जुलैतही सायकल चालवणाऱ्यांपैकी अनेकांकडे दुसरे साधनच नसते. ‘पावसात सायकली कमी, मग मार्गिका कशाला?’ असे म्हणण्यापूर्वी हे सायकलस्वार मोजायला हवेत.