बोलीआधीची बोली

सहस्रकुंडाच्या धबधब्याजवळचे, मुदखेड–आदिलाबाद लोहमार्गावरचे इस्लापूर व्यावसायिक कबड्डीच्या नकाशावर कोठेही नाही. इस्लापूरच कशाला, अवघ्या मराठवाड्यालाच त्या नकाशावर स्थान नाही. प्रो कबड्डीचा संघ मुंबईला आहे, पुण्याला आहे, हैदराबादेच्या बाजूने तेलुगू टायटन्स आहे. नांदेड, लातूर, परभणीच्या वाट्याला दूरचित्रवाणीचा पडदा तेवढा आला. तरीही लिलावाचे दिवस जवळ आले की किनवट तालुक्यातल्या चहाच्या टपरीवरही कोण कोणाला राखणार, कोणाला मोकळा करणार आणि कोण कितीला जाणार याची चर्चा रंगते. मैदानावर एकही चढाई होत नसते, मॅटच्या गुंडाळ्या झालेल्या असतात. पण या रिकाम्या महिन्यांतच कबड्डीचा चाहता सर्वांत अधिक बोलतो.

या बोलण्याला रिकामटेकडेपणा म्हणून हिणवण्याची आपल्याकडे चाल आहे. वस्तुतः त्यात हिशेब बराच असतो. २०२३ पासूनच्या तिन्ही लिलावांत प्रत्येक संघाला खेळाडूंवर खर्च करण्यासाठी पाच कोटींची मर्यादा होती. अव्वल गटाची मूळ किंमत तीस लाख, त्याखाली वीस, तेरा आणि अगदी शेवटच्या गटाची नऊ लाख. एका नामांकित चढाईपटूवर दोन कोटी घातले तर उजवा कोपरा कोणी सांभाळायचा, कव्हरला कोण उभा राहायचा आणि बदली खेळाडूंसाठी उरते किती, हे गणित चाहत्याला तोंडपाठ असते. त्यातच जुन्या संघाला शेवटच्या बोलीइतकी रक्कम देऊन आपला खेळाडू परत घेण्याची मुभा. म्हणजे तर्काला आणखी एक फाटा. शाळेत शेकडेवारीला कंटाळणारा मुलगा येथे क्षणात सांगतो की, पुण्याने शादलूला राखले तर निम्मी थैली रिकामी झाली.

पुण्याचेच उदाहरण घ्यावे. २०२३ च्या लिलावात पुणेरी पलटणने इराणच्या मोहम्मदरेझा शादलूवर २ कोटी ३५ लाख रुपये लावले. १ मार्च २०२४ रोजी हैदराबादेत हरियाना स्टीलर्सला २८–२५ असे हरवून पलटणने आपले पहिले विजेतेपद मिळवले. कर्णधार होता अहमदनगर (आताच्या अहिल्यानगर) जिल्ह्याचा अस्लम इनामदार. आणि मग पुण्याने शादलूला मोकळे केले! तरण्या मराठी पोरांवर उभारलेला संघ टिकवायचा तर थैलीचे तोंड आवळणे भाग होते, असे एका पक्षाचे म्हणणे; विजेता संघ कोणी मोडतो काय, असा दुसऱ्याचा सवाल. हरियानाने त्याला २ कोटी ७ लाखांना उचलले आणि डिसेंबर २०२४ च्या अखेरीस, तेही पुण्याच्याच बालेवाडीत, पाटण्याला ३२–२३ असे नमवून विजेतेपद नेले. दुसऱ्या पक्षाची छाती फुगली. पण २०२५ च्या हंगामात शादलू २ कोटी २३ लाखांना गुजरातकडे गेला, आणि अंतिम सामन्यात पोचले ते पुणे! तेथे दिल्लीकडून ३१–२८ अशी निसटती हार झाली, म्हणून पहिल्या पक्षालाही पुरते मिरवता आले नाही. तर्काचा हा खेळ कोणालाच निर्णायक जिंकू देत नाही, आणि त्याची गोडीही बहुधा त्यातच आहे.

इस्लापूरच्या बाजूला या चर्चेला आणखी एक पदर आहे. संघ कोणाचा मानायचा? पुणे महाराष्ट्रातले खरे, पण हैदराबाद कितीतरी जवळचे. १९५६ पर्यंत हा सारा मुलूख हैदराबाद राज्यातच होता. किनवट तालुक्याच्या बाजारात मराठीबरोबर तेलुगू, गोंडी आणि बंजारा बोली कानी पडतात. अशा ठिकाणी निष्ठा जिल्ह्याच्या सीमेवरून ठरत नाही. ती खेळाडूच्या मागे जाते. कोल्हापूरकडच्या चंदगड तालुक्यातला सिद्धार्थ देसाई २०१८ मध्ये यू मुंबाकडून पहिल्याच हंगामात दोनशेहून अधिक गुण मिळवून गेला. तेव्हा त्याची किंमत होती ३६ लाख ४० हजार. २०१९ च्या लिलावात तेलुगू टायटन्सने त्याला १ कोटी ४५ लाखांना घेतले. मराठी गडी तेलुगू संघात गेला, तर सीमेवरच्या चाहत्याने टाळी कोणासाठी वाजवायची? हा प्रश्न मुंबईकराला पडत नाही. त्याच्या लेखी तो खेळाडू सोडून गेलेला असतो. सीमेवरच्याला मात्र तो जवळ आल्यासारखा वाटू शकतो.

तथापि या चर्चेतला एक सूर कानाला खटकतो. नांदेड जिल्ह्यात लोहा तालुक्यात माळेगावच्या खंडोबाची यात्रा मार्गशीर्षात भरते; तेथल्या जनावरांच्या बाजाराची ख्याती दूरवर आहे. घोड्याचा दात पाहावा, बैलाच्या पाठीवर थाप मारावी, चालवून पाहावे आणि मग भाव बोलावा, ही रीत. कबड्डीच्या लिलावाची चर्चा पुष्कळदा याच भाषेत उतरते. गुडघा गेलेला आहे, आता त्याचे काही खरे नाही. खांदा निसटतो, वीस लाखांच्या वर कोण घेतो. दोन हंगाम चालेल, मग सोडून द्यावा. बोलणाऱ्याच्या मनात दुष्टावा नसतो. पण जुन्या वहिवाटीतला व्यापारी निदान हातावर रुमाल टाकून, बोटे दाबून भाव ठरवीत असे. भोवतालच्या माणसांना आकडा कळत नसे. येथे जिवंत माणसाचा भाव देशभर दाखवला जातो, आणि पुढच्या वर्षी तो घसरला तर तेही. पवन सेहरावत २०२३ मध्ये २ कोटी ६० लाख ५० हजारांना विकला गेला. २०२५ मध्ये त्याला ५९ लाख ५० हजार मिळाले. ज्या लिलावात त्याचा भाव उतरला, त्याच लिलावात आदल्या हंगामात पाटण्यासाठी तीनशे गुणांच्या घरात चढाया करणाऱ्या देवांकला बंगालने २ कोटी २० लाख ५० हजार दिले. एकाचे घर चढले, दुसऱ्याचे उतरले. यात अन्याय झाला असे म्हणता येणार नाही. बाजार असाच चालतो. मात्र या बाजारात ज्याचा सौदा होतो त्याला ‘मला कोठे जायचे आहे’ असे विचारण्याची पद्धत नाही, हे चाहत्याच्या सहसा ध्यानात येत नाही.

अमेरिकेतल्या व्यावसायिक बास्केटबॉलशी तुलना केली म्हणजे हा भेद स्पष्ट होतो. तेथेही हंगाम संपला की कोण कोठे जाणार याच्या तर्कवितर्कांना ऊत येतो. पण करार संपलेला खेळाडू तेथे आपला आपण मुखत्यार असतो. संघ त्याच्या दाराशी येतात. हा हक्क आपोआप मिळालेला नाही. ऑस्कर रॉबर्टसन या खेळाडूच्या नावाने १९७० साली खेळाडूंनी कोर्टात दावा लावला आणि १९७६ च्या तडजोडीनंतर ती वाट मोकळी झाली. म्हणून तेथला चाहता तर्क करतो तो माणसाच्या मनाचा. २०१० मध्ये लेब्रॉन जेम्सने क्लीव्हलँड सोडून मायामी गाठले तेव्हा संतापलेल्या चाहत्यांनी त्याच्या नावाचे सदरे जाळले. चार वर्षांनी तो परत आला आणि २०१६ मध्ये त्याच गावाला विजेतेपद मिळवून दिले. रागाला आणि क्षमेला तेथे कारण होते, कारण निर्णय त्याचा होता. अर्थात करार चालू असेल तर तेथेही खेळाडूची अदलाबदल त्याला न विचारता होते. फेब्रुवारी २०२५ मध्ये डॅलसने लुका डोन्चिचला लॉस एंजलिसला देऊन टाकले तेव्हा तो आणि गाव दोघेही चकित झाले. पण निदान करार संपण्याचा दिवस त्याच्या आयुष्यात येतो.

आपल्याकडे कबड्डीपटूला असा दिवस पूर्वी वेगळ्या रूपाने येत असे. रेल्वे, एअर इंडिया, महिंद्र, भारत पेट्रोलियम यांचे संघ होते, बँकांचे होते. चांगल्या खेळाडूला नोकरी देऊन संघात घेतले जाई. पगार बेताचा, पण तो निवृत्तीपर्यंतचा. खेळाडू संघ बदलीत असे तो पक्क्या नोकरीसाठी, आणि घरच्यांशी बसून, विचार करून. लीगने २०१४ पासून कबड्डीला जे ऐश्वर्य आणले त्याचे मोल कमी लेखण्याचे कारण नाही. पहिल्या लिलावात सर्वांत महाग ठरलेल्या राकेशकुमारला १२ लाख ८० हजार मिळाले होते, आणि आज अगदी तळाच्या गटाची मूळ किंमत त्याच्या आसपास आली आहे. मात्र ते नऊ लाख एका हंगामाचे असतात. खांदा निखळला की पुढच्या यादीत नाव असेलच असे नाही, आणि ज्याच्यावर बोलीच लागत नाही त्याच्या घरी काय होते, हे पडद्यावर दिसत नाही.

मुलींची तर गोष्टच निराळी. २०१६ मध्ये तीन संघांची महिला स्पर्धा लीगच्या जोडीने घेतली गेली आणि तेवढ्यावरच थांबली. भारतीय महिलांनी २०१० आणि २०१४ च्या आशियाई स्पर्धांत सुवर्ण जिंकले, २०२३ मध्ये हांगझौला पुन्हा जिंकले. पण त्यांच्या नावाभोवती तर्क लढवायला चाहत्याजवळ लिलावही नाही.

किनवट, माहूर, हिमायतनगरच्या बाजूचा एखादा मुलगा मातीच्या मैदानावर चपळ निघाला तर त्याच्या घरचे लोक कोटींची स्वप्ने क्वचितच पाहतात. शासकीय नोकरभरतीत खेळाडूंसाठी पाच टक्के जागा राखीव असतात, पोलिसांची भरती असते. त्यासाठी जिल्ह्याच्या, राज्याच्या संघात निवड आणि हातात खरे प्रमाणपत्र हवे. जिल्ह्याची निवड चाचणी कधी, कोठे आणि कोणासमोर होते, किती मुलांना ती वेळेवर कळते, मॅटवर पाय ठेवायला त्यांना कोणत्या शहरी जावे लागते, यावर टपरीवर कोणी पैज लावीत नाही. शादलू कितीला जाणार हे सांगणारा चाहता आपल्या तालुक्यातल्या चढाईपटूची तितकीच चौकशी करू लागला, तर निवड समितीच्या माणसांना थोडे जपून बसावे लागेल.

येत्या लिलावाआधीही यादी जाहीर होईल, राखलेल्यांची नावे येतील, मोकळ्या केलेल्यांची येतील. नांदेडहून आदिलाबादकडे जाणाऱ्या गाडीच्या डब्यात दोन प्रवासी त्यावरून हुज्जत घालतील. एक म्हणेल, पलटणने बचाव पक्का करावा. दुसरा म्हणेल, टायटन्सला मराठी चढाईपटूवाचून तरणोपाय नाही. इस्लापूरच्या फलाटावर त्यातला एक उतरेल, आणि वाद अर्धाच राहील.