तीन बहिणी, एक भाऊ आणि वर चढणारा सूर्य

मे 2022, इटलीतलं तुरिन शहर. युरोव्हिजन गाण्यांच्या स्पर्धेची पहिली उपांत्य फेरी रंगात आली होती. डोळे दिपवणारे दिवे, नाचणाऱ्यांचे ताफे, एकावर एक कडी करणारे पोशाख! आणि मग आइसलँडची पाळी आली. तीन बहिणी, गिटार, संथ लय. नाचाचं एक पाऊल नाही की आगीचा एक फवारा नाही. बँडचं नाव सिस्तुर. आइसलँडिक भाषेत त्याचा अर्थ ‘बहिणी’, एवढाच.

या फेरीत 17 देश होते आणि त्यातले 10 पुढे जाणार होते. बहिणी 103 गुण घेऊन बरोब्बर दहाव्या आल्या! अंतिम फेरीत 25 देशांत त्यांचा क्रमांक 23वा लागला, गुण 20. आकडे सांगून झाले, आता त्यांना बाजूला ठेवू. या तिघींची खरी गंमत त्यांच्या घरापासून सुरू होते.

घर की रियाजाची खोली?

सिग्गा, बेता आणि एलीन. पाळण्यातली नावं सिग्रीदुर आणि एलिसाबेत, लाडाने झाली सिग्गा आणि बेता. एलीनचं नाव मुळातच आटोपशीर, त्यामुळे ते तसंच राहिलं. आई एलेन क्रिस्त्यान्सदोत्तिर ही आइसलँडमधली नावाजलेली गायिका. वडील एइथोर गुन्नार्सन हे ‘मेत्सोफोर्ते’ या जॅझ-फ्युजन बँडचे पियानोवादक. मामाही कमी नाही. ‘केके’ या दोन अक्षरांनी ओळखला जाणारा हा ब्लूज गायक घराघरांत ठाऊक आहे.

वडिलांची एक कामगिरी तर सांगायलाच हवी. 1983 साली मेत्सोफोर्तेची ‘गार्डन पार्टी’ ही धून ब्रिटनच्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत 17व्या क्रमांकापर्यंत गेली. शब्द नसलेली, नुसत्या वाद्यांची धून! संगीतकार एइथोर स्वतः. ब्योर्क या आइसलँडच्या गायिकेचं नाव जगाच्या कानावर पडायला तेव्हा काही वर्षं अवकाश होता. त्याच वर्षी अमेरिकेतले प्रसिद्ध ट्रम्पेटवादक हर्ब आल्पर्ट यांनीही ही धून आपल्या ढंगात वाजवली. अशा घरात वाढलेली मुलं गाणार नाहीत तर काय करणार!

नाव ‘बहिणी’ असलं तरी तुरिनच्या मंचावर चौथं भावंडही होतं. मागे ड्रम्सवर बसलेला तरुण म्हणजे या तिघींचा सख्खा भाऊ.

भावंडांना एकच शब्द

‘भावंडं’ हा आपला शब्द मला फार आवडतो. भाऊ आणि बहीण दोघांना एका मुठीत धरणारा, नपुंसकलिंगी आणि मायेचा. आइसलँडिक भाषेतही अगदी असाच शब्द आहे, ‘सिस्तकिनी’. अर्थ भावंड, आणि लिंग? तेही नपुंसक! मराठीसारखीच तीन लिंगं त्या भाषेने आजवर जपली आहेत.

नातं इथेच संपत नाही. आइसलँडिक ‘सिस्तिर’ आणि संस्कृत ‘स्वसृ’ एकाच मुळातून आलेले. ‘ब्रोदिर’ आणि ‘भ्रातृ’ही तसेच. आणि ‘दोत्तिर’ म्हणजे आपली दुहिता. या ‘दोत्तिर’मधला जोड ‘त्त’ आइसलँडिक माणूस उच्चारतो तेव्हा त्याआधी हलकासा ‘ह’ ऐकू येतो, काहीसं ‘दोउहतिर’ असं. दुहितेतला ‘ह’ वेगळ्या वाटेने आलेला आहे, हा केवळ योगायोग. पण कान लावून ऐकलं की अंगावर शहारा येतो.

आडनावं मात्र तिथे बहुतेकांना नसतातच. एइथोरच्या मुली म्हणून या तिघी एइथोर्सदोत्तिर, भाऊ असेल तो एइथोर्सन. आपण वडिलांचं नाव मधे घेतो, ते शेवटी घेतात आणि तिथेच थांबतात. त्यामुळे एकाच घरात आई, वडील, मुलगा आणि मुलगी या चौघांची शेवटची नावं चार असू शकतात. तिथली टेलिफोनची डिरेक्टरी पहिल्या नावाच्या क्रमाने लागायची आणि पंतप्रधानांनाही लोक पहिल्या नावानेच हाक मारतात.

आधी नाच, मग गिटार

तुरिनचं गाणं ऐकून कुणाला वाटेल की या तिघी कायम अशाच संथ, लोकगीताच्या वळणाचं गात आल्या असतील. छे! 2011च्या सुमारास त्यांनी सुरू केलेलं त्रिकूट ‘सीसी एइ’ हे हाउस संगीताचं होतं. क्लबमधला ठेका, इलेक्ट्रॉनिक सूर आणि त्यावर तीन बहिणींचे गळे. ‘एइ’ हा बापाच्या नावाचा पहिला तुकडा, आणि आइसलँडिक भाषेत ‘एइ’ म्हणजे बेट. नावाचा उरलेला तुकडा ‘थोर’ हा वादळविजांचा जुना देव.

एलीन त्याआधीच गिटार घेऊन एकटी गात होती. 2009 साली तिचा अल्बमही आला होता. म्हणजे सिस्तुरमधली ती शांत गिटार काही अचानक उपटली नाही, घरातच कोपऱ्यात उभी होती.

मार्च 2022मध्ये आइसलँडने आपली निवड-स्पर्धा घेतली. शेवटच्या लढतीत समोर कोण होतं पाहा: ‘रेक्यविकुरदाइतुर’ हा रॅप गाणाऱ्या बायकांचा धडाकेबाज गट. त्यांच्या नावाचा अर्थ ‘रेक्यविकच्या लेकी’! एका बाजूला राजधानीच्या लेकी, दुसऱ्या बाजूला एइथोरच्या लेकी. पारडं राजधानीच्या लेकींकडे झुकलेलं होतं, जिंकल्या बहिणी. त्या वेळी त्या नुसत्या तिघींच्या नावांनीच उतरल्या होत्या. ‘सिस्तुर’ हे बारसं तुरिनला जाण्याआधी झालं.

गाण्याची कर्ती मात्र घराबाहेरची. लव्हीसा एलिसाबेत सिग्रूनारदोत्तिर, म्हणजेच ‘ले लो’ या नावाने गाणारी गायिका. जन्म लंडनचा, आई आइसलँडची आणि वडील श्रीलंकेचे. आइसलँडिक भाषेतल्या त्या बर्फाळ गाण्यामागे आपल्या शेजारच्या समुद्राचंही थोडं रक्त आहे, हे मला कळलं तेव्हा गाणं पुन्हा पहिल्यापासून ऐकावंसं वाटलं.

सूर्य नावाची बाई

गाण्याचं नाव ‘मेद हाइकांदी सोल’, म्हणजे ‘सूर्य वर वर चढताना’. हा तिथे रोजच्या बोलण्यातला शब्दप्रयोग आहे. डिसेंबरच्या अखेरीस रेक्यविकमध्ये सूर्य सकाळी अकरा वाजून गेल्यावर उगवतो आणि दुपारी साडेतीनच्या सुमारास मावळतोही. त्यानंतर दिवस पावलापावलाने मोठा होऊ लागला की लोक एकमेकांना धीर देतात, आता सूर्य वर चढतोय, सगळं नीट होईल. गाण्यातली बाई कठीण काळातून जाते आहे, आणि आधार आहे तो याच चढत्या उजेडाचा.

इसाफ्योर्दुर नावाच्या गावाची गोष्ट तर याहून न्यारी. चहूकडे डोंगर असल्याने हिवाळ्यात सुमारे दोन महिने तिथे ऊन पोचतच नाही. 25 जानेवारीच्या सुमारास डोंगरामागून पहिला किरण गावात उतरतो आणि सगळं गाव कॉफी पिऊन आणि पातळ गोड पॅनकेक खाऊन त्याचं स्वागत करतं. या सोहळ्याचं नाव ‘सोलारकाफी’, सूर्याची कॉफी!

आणि आता सगळ्यात गोड भाग. आइसलँडिक भाषेत सूर्य स्त्रीलिंगी आहे. जुन्या नॉर्स कथांमध्ये सोल ही सूर्यदेवी आणि मानी हा चंद्र तिचा सख्खा भाऊ. दोघं मुंदिलफारीची मुलं. आपला चांदोबा सगळ्या मुलांचा मामा, त्यांचा चांदोबा सूर्याचा भाऊ. तीन बहिणींनी सूर्यावरचं गाणं गायचं आणि मागे भावाने ताल धरायचा, याहून चांगली मांडणी कुणाला सुचली असती!

तुरिनच्या मंचाचं नावही ‘आतला सूर्य’ असंच होतं. फिरत्या कमानींचा भलामोठा सूर्य तिथे उभारला होता, पण यंत्रणा ऐनवेळी रुसली आणि कमानी ठरल्याप्रमाणे फिरल्याच नाहीत. अनेक देशांना आपली मांडणी बदलावी लागली. साधेपणाने उभ्या राहणाऱ्या बहिणींचं मात्र काही अडलं नाही. त्या दिवसांत या तिघी ट्रान्स मुलांच्या हक्कांबद्दल आणि युक्रेनबद्दल जिथे संधी मिळेल तिथे बोलल्या. गाण्याइतकाच त्यांचा हा ठामपणा मला महत्त्वाचा वाटतो.

रक्ताची साखळी

आइसलँडच्या युरोव्हिजन मंचावर नातलगच दिसण्याचा एक योगायोग आहे, तो मांडताना माझीच उत्सुकता वाढत गेली. 2015 ते 2018 अशी सलग चार वर्षं आइसलँडला अंतिम फेरी गाठता आली नव्हती. 2019मध्ये ती गाठली ‘हातारी’ या काळ्या चामडी पोशाखातल्या बँडने, क्रमांक 10वा. त्यांचे दोन्ही गायक एकमेकांचे नात्यातले भाऊ! आइसलँडिक भाषेत पुतण्या, भाचा, काका, मामा, चुलतभाऊ, मावसभाऊ या सगळ्यांना एकच शब्द पुरतो, ‘फ्रायन्दी’. नात्यांना वेगवेगळी नावं देण्यात आपण त्यांना बरेच मागे टाकतो.

2020ची स्पर्धा महासाथीमुळे रद्द झाली. 2021मध्ये रॉटरडॅमला दाधी फ्रेयरचा बँड चौथा आला. बँडमध्ये कोण? त्याची बायको आणि सख्खी बहीण. हिरव्या स्वेटरवर जुन्या व्हिडिओ गेमसारखे चौकोनी ठिपक्यांचे स्वतःचेच चेहरे. बँडमधल्या एकाला कोविड झाल्यामुळे त्यांना प्रत्यक्ष मंचावर गाता आलं नाही. तालमीचं चित्रीकरण दाखवलं गेलं आणि तरीही चौथा क्रमांक!

2022मध्ये बहिणी. 2023 आणि 2024मध्ये एकट्या गायिका गेल्या, दोन्ही वर्षं अंतिम फेरी हुकली. 2025मध्ये बाझेलला पुन्हा दार उघडलं, आणि कुणी उघडलं? ‘वाइब’ या जोडीने, म्हणजे मात्तियास आणि हाल्फदान या सख्ख्या भावांनी! चंदेरी कपडे, गॉगल आणि होडी वल्हवण्याचं गाणं, ‘रोआ’. वल्ह्याला संस्कृतात ‘अरित्र’ म्हणतात, तोही ‘रोआ’चा दूरचा नातलग. परीक्षकांकडून शून्य गुण, पण प्रेक्षकांनी 33 दिले.

नातलग, बहीण, बहिणी, भाऊ. 2019 ते 2025 या काळात आइसलँड चार वेळा अंतिम फेरीत पोचला आणि चारही वेळा मंचावर रक्ताचं नातं उभं होतं.

अर्थात एवढ्याशा देशात नातं निघायला वेळ लागत नाही. लोकसंख्या जेमतेम चार लाखांच्या आसपास, आपल्या कोल्हापूर शहराहूनही कमी. शतकानुशतकांच्या वंशावळी तिथे एका माहितीसाठ्यात जपलेल्या आहेत, आणि 2013मध्ये त्यावरून मोबाइलचं एक ॲप निघालं. दोघांनी आपले फोन एकमेकांवर टेकवले की आपण किती जवळचे नातलग आहोत ते कळतं. प्रेमात पडण्याआधी तपासून घ्यायला बरं!

जुळ्यांचा मुलूख

भावंडांची रांग युरोव्हिजनपाशी थांबत नाही. ‘सिगुर रोस’ या जगभर गाजलेल्या बँडचं नाव म्हणजे गायक योन्सीच्या धाकट्या बहिणीचं नाव, सिगुररोस. 1994मध्ये बँडची जुळवाजुळव चालली होती आणि त्याच दिवसांत तिचा जन्म झाला.

जॅझच्या जुन्या गोडव्याने 2024मध्ये ग्रॅमी जिंकणारी लाउवेइ हिला हुबेहूब तिच्यासारखी दिसणारी जुळी बहीण आहे, युनिया. एक चेलो वाजवते, दुसरी व्हायोलिन. त्यांची चिनी वंशाची आईही व्हायोलिनवादक.

‘मूम’ या बँडमध्येही ग्यिदा आणि क्रिस्तीन या जुळ्या बहिणी होत्या. स्कॉटलंडच्या ‘बेल अँड सेबॅस्टियन’ या बँडचा 2000 सालचा अल्बम कधी हाताळला असेल, तर त्याच्या मुखपृष्ठावरच्या त्या दोन मुली याच! पुढे ग्यिदा चेलोच्या शिक्षणासाठी बँडमधून बाहेर पडली आणि 2019मध्ये नॉर्डिक कौन्सिलचा संगीत पुरस्कार घेऊन गेली.

आणि मला सर्वांत जवळची वाटणारी जोडी, योफ्रीदुर आणि आउस्थिल्दुर. चौदा वर्षांच्या असताना त्यांनी मैत्रिणींना घेऊन बँड काढला आणि नाव ठेवलं ‘पास्काल पिनॉन’. हा कोण? शंभर वर्षांपूर्वी अमेरिकेतल्या जत्रांमध्ये ‘दोन डोक्यांचा माणूस’ म्हणून दाखवला जाणारा एक मेक्सिकन. दुसरं डोकं खोटं होतं म्हणे, पण जुळ्या मुलींना नाव पटलं. पुढे एक बहीण शिकायला ॲमस्टरडॅमला गेली, दुसरी आपल्या वेगळ्या बँडबरोबर गावोगाव गात फिरू लागली. जन्मापासून सोबत असलेल्या दोघी पहिल्यांदाच इतक्या लांब राहत होत्या. 2016मध्ये त्यांचा अल्बम आला, त्याचं नाव ‘सुंदुर’. आइसलँडिक भाषेत त्याचा अर्थ ‘वेगवेगळ्या’, आणि गायल्या आहेत दोघी एकत्र.