चक, लाकडी कातकामाचा

चक, लाकडी कातकामाचा : कातावयाचा लाकडाचा तुकडा लेथच्या फिरत्या दंडावर (तर्कूवर) एकाच टोकाने घट्ट धरून ठेवणाऱ्या साधनास चक म्हणतात. लेथवरील प्रत्येक कामास तो लागतोच असे नाही. लाटण्यासारख्या लांबट वस्तूचे एक टोक तर्कूवरील दातेरी टोकात रुतवितात व दुसरे टोक टेलस्टॉकच्या अणीने दाबून धरतात. पोळपाटासारखी तबकडी फेसप्लेटवर, म्हणजे भोके पाडलेल्या धातूच्या चकतीवर, मागून स्क्रू मारून बसविता येते. कुंकवाचा करंडा किंवा वाडगा पोखरताना मात्र समोरची बाजू मोकळी असावी लागते, शिवाय बुडात स्क्रूची भोके राहून चालत नाही. चकाची खरी गरज येथे भासते. केवळ लाटणी व पाटाचे पाय करणाऱ्या नवशिक्याने चकावर खर्च करण्याचे कारण नाही.

धातूचा चक नसतानाही पोकळ वस्तू कातता येतात. लाकडाच्याच ठोकळ्यात बरोबर मापाची गोल खाच कातून तीत तुकडा ठोकून बसविणे ही जुनी रीत आहे. तीत खर्च नाही. पण प्रत्येक तुकड्यासाठी खाच नव्याने जुळवावी लागते आणि ती केसभर सैल झाली तरी तुकडा निसटतो. नवख्या हाताला ही गोष्ट वाटते तितकी सोपी नाही.

बाजारात मिळणाऱ्या चकांपैकी तीन जबड्यांचा चक धातुकामासाठी असतो. त्याचे अरुंद जबडे लाकडाचे तंतू चेपतात व बाहेर आलेली त्यांची टोके बोटांना लागण्याचा धोका असतो. प्रत्येक जबडा स्वतंत्र स्क्रूने सरकणारा चार जबड्यांचा चकही धातुकामाचाच होय. त्याने वेडावाकडा तुकडा धरता येतो, पण मध्य जुळविण्यात वेळ जातो. टेलस्टॉकमध्ये बसणारा गिरमिटाचा चक हे निराळेच साधन आहे. नवशिक्याने घ्यावयाचा तो चार जबड्यांचा, आपोआप मध्य साधणारा, लाकूडकामाचा चक होय. त्याच्या आतील चकतीवर सर्पिल खाच असते. किल्लीने ती चकती फिरविली की चारही जबडे सारखेच आत किंवा बाहेर सरकतात. जबडे तुकड्याच्या बुडाशी कातलेल्या आखूड खुंटाला बाहेरून आवळतात, किंवा बुडातील खाचेत शिरून फाकतात.

चक निवडताना सर्वप्रथम तर्कूचे आटे पाहावेत. विक्रेत्याने मांडलेल्या जबड्यांच्या संचाला भुलू नये. लहान लेथवर १ इंच व्यासाचे, दर इंचास ८ आटे असलेले तर्कू आढळतात. मोठ्या लेथवर १ १/४ इंच व ८ आटे, किंवा ३३ मिमी. व्यास व ३·५ मिमी. अंतराल अशी मापे असतात. १ १/४ इंच म्हणजे ३१·७५ मिमी. आणि दर इंचास ८ आटे म्हणजे ३·१७५ मिमी. अंतराल. डोळ्यांना हे आटे सारखेच दिसतात, पण एकाचा चक दुसऱ्याला चालत नाही. म्हणून व्यास व्हर्नियरने व अंतराल आट्यांच्या मापकाने पाहूनच खरेदी करावी. काही चकांत आट्यांचा भाग बदलता येतो. पुढे लेथ बदलण्याचा विचार असल्यास असा चक सोयीचा. पूर्ण आवळल्यावर चकाची पाठ तर्कूच्या खांद्याला सपाट टेकली पाहिजे. ती न टेकल्यास उत्तम चकही डगमगतो.

यानंतर आकार. सुमारे ३० सेंमी. व्यासापर्यंतचे काम घेणाऱ्या लेथला साधारण १० सेंमी. व्यासाचा चक पुरतो. छोट्या लेथवर जड चक बसविल्यास त्याचे वजन धारव्यांवर विनाकारण पडते. जबडे जवळजवळ मिटलेले असताना त्यांचे पूर्ण वर्तुळ होते आणि त्या व्यासाला पकड सर्वांत चांगली असते. त्याहून बरेच फाकलेले जबडे बाहेरून आवळताना फक्त कोपऱ्यांनी, म्हणजे आठ ठिकाणी, टेकतात. म्हणून खुंटाचे माप जबड्यांना जुळवावे. वाडग्याच्या व्यासाच्या सुमारे एक तृतीयांश खुंट ठेवण्याचा प्रघात आहे. एवढ्यासाठी सुमारे ५० मिमी.चा एकच जबड्यांचा संच आरंभी पुरेसा होतो.

चकाचे महत्त्व मध्य राखण्यात आहे. महात्मा गांधींनी १९३० साली येरवडा (पुणे) येथील कारावासात पेटीत मावणाऱ्या चरख्याच्या रचनेत लक्ष घातले. हा चरखा ‘येरवडा चक्र’ म्हणून ओळखला जातो. त्यात लहानमोठ्या दोन चकत्या माळेने जोडलेल्या असतात. अशा चकतीची कड व मधले भोक यांचा मध्य एक नसेल, तर दर फेऱ्याला माळ एकदा ताणते, एकदा सैल पडते व चाती एकसारखी फिरत नाही. चकती चकात धरून कड कातली व टेलस्टॉकमधील गिरमिटाने त्याच पकडीत भोक पाडले, तर हा दोष येत नाही.

सुटलेला तुकडा ही या कामातील सर्वांत मोठी भीती. २५ सेंमी. व्यासाचा तुकडा मिनिटास १,००० फेरे घेत असता त्याची कड ताशी सुमारे ४७ किमी. वेगाने जाते. म्हणून खुंट भेगाळलेला नसावा व तो जबड्यांच्या तळाशी न टेकता त्याचा खांदा जबड्यांच्या तोंडाशी टेकावा. शक्य तोवर टेलस्टॉकचा आधार ठेवावा, आरंभी वेग कमी असावा आणि तोंडावर पारदर्शक झाकण घालावे. लेथ सुरू करण्यापूर्वी किल्ली काढली आहे याची खात्री करावी. लेथ उलटी फिरविल्यास आट्यांचा चक सुटू शकतो, म्हणून त्यास अडसर स्क्रू आहे की नाही हे घेतानाच पाहावे. भुसा सर्पिल खाचेत साचतो व तेल फार घातल्यास तेथेच चिकटतो. तो कोरड्या ब्रशने झाडावा. जबड्यांवर १ ते ४ असे आकडे कोरलेले असतात. साफसफाईनंतर ते त्याच क्रमाने बसविले नाहीत, तर ते मध्यावर मिटत नाहीत.