गुळवेल, परदेशी फूल आणि 'इम्युनिटी'

लिंबावर चढलेली गुळवेल सोनपेठच्या शिवारात शोधत हिंडावी लागत नाही. बांधावरच्या जुन्या झाडावरून तिची सुतळीसारखी मुळे खाली लोंबत असतात. तोडून टाकलेला तुकडा कित्येक दिवस हिरवा राहतो आणि ओल मिळताच फुटतो. 'छिन्नरुहा' हे तिचे संस्कृत नाव त्यावरूनच पडले. ताप हटेना झाला की दोन-चार पेरे ठेचायची, काढा करायचा, ताप उतरला की काढा बंद, ही आपल्याकडची जुनी रीत.

2020 साली ही रीत बदलली. करोनाची साथ आली आणि त्या मार्चअखेर आयुष मंत्रालयाने तुळस, दालचिनी, सुंठ, मिरी यांच्या काढ्याची शिफारस केली. ऑक्टोबरमधल्या उपचार-मार्गदर्शिकेत गुळवेलीच्या घनवटीलाही जागा मिळाली. सल्ल्यात काय होते आणि घराघरांत काय झाले, यांत अंतर होतेच. तापाचे औषध असलेली वेल धडधाकट माणसाने रोज, बेमुदत घ्यायची वस्तू झाली. 'ताप' हा शब्द मागे पडून 'इम्युनिटी' हा शब्द पुढे आला. माझ्या मते पुढचा सगळा घोळ या शब्दबदलात आहे.

गुळवेलीचा प्रतिकारशक्तीशी संबंध ही नुसती ऐकीव गोष्ट नाही. तो प्रयोगशाळेत तपासला गेला तो मुंबईत, परळच्या केईएम रुग्णालयात. तिथे औषधशास्त्राच्या प्राध्यापक असलेल्या डॉ. शरदिनी डहाणूकर मराठी वाचकाला 'फुलवा' आणि 'हिरवाई'च्या लेखिका म्हणून ठाऊक आहेत. झाडांवर इतके रसाळ लिहिणारी ही बाई त्याच झाडांचे अर्क उंदरांना देऊन आकडे मांडत होती, हे मात्र त्यांच्या अनेक वाचकांच्या गावी नसते. 1993 साली या गटाने पित्तनलिका तुंबून कावीळ झालेल्या 30 रुग्णांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. अशा रुग्णांत जंतू गिळून मारणाऱ्या पांढऱ्या पेशी मंदावतात आणि शस्त्रक्रियेनंतर रक्तात जंतुदोष पसरून माणूस दगावतो. निम्म्या रुग्णांना नेहमीचे उपचार दिले. उरलेल्यांना त्याच्या जोडीला, पित्ताचा निचरा चालू असेतो, गुळवेलीचा अर्क दिला. मात्रा वजनाच्या दर किलोला रोज 16 मिलिग्रॅम, म्हणजे 60 किलोच्या माणसाला जेमतेम एक ग्रॅम. पहिल्या गटात शस्त्रक्रियेनंतर 40 टक्के रुग्ण वाचले, दुसऱ्या गटात 92 टक्क्यांहून अधिक. अभ्यास लहान होता, तेव्हा आकड्यांनी हुरळून जाऊ नये. पण पेशींचे काम सुधारल्याचे मोजून दिसले होते.

आता परळहून पेडर रोडला जाऊ. सप्टेंबर ते डिसेंबर 2020 या चार महिन्यांत जसलोक रुग्णालयातील यकृततज्ज्ञ डॉ. आभा नागराळ आणि त्यांच्या सहकाऱ्यांना यकृताला सूज आलेले सहा रुग्ण आढळले. सगळ्यांच्या चौकशीत समान धागा निघाला तो गुळवेलीचा. 2021 मध्ये हे निरीक्षण प्रसिद्ध होताच आयुष मंत्रालयाने हरकत घेतली: रुग्णांनी घेतलेली वनस्पती तपासलेली नाही, ती गुळवेलीची दुसरी जात, टिनोस्पोरा क्रिस्पा, असू शकेल. हरकत बिनबुडाची नव्हती. क्रिस्पाचे खोड ठळक गाठींनी भरलेले असते, पण वाळके तुकडे किंवा चूर्ण हातात आले की दोन्ही वेली सारख्याच. मात्र 2022 मध्ये देशभरातल्या 13 केंद्रांनी मिळून अशाच 43 रुग्णांची नोंद केली. सेवन सुरू केल्यापासून लक्षणे दिसेपर्यंतचा काळ, मध्यक काढला तर, 46 दिवसांचा होता. चार दिवसांचा काढा आणि सेहेचाळीस दिवसांचा काढा यांतला फरक इथे डोळ्यांत भरतो.

एकीकडे काविळीतून वाचवणारी वेल दुसरीकडे कावीळ कशी आणते? मुंबईच्या त्या रुग्णांच्या यकृतात जी सूज दिसली ती बव्हंशी स्वयंप्रतिकारी धाटणीची होती, म्हणजे शरीराची प्रतिकारव्यवस्था स्वतःच्याच पेशींवर उलटल्यासारखी. काहींना थायरॉइडचा विकार आधीपासून होता. जंतू गिळणाऱ्या पेशींना चेतवणारे द्रव्य फक्त जंतूंविरुद्धच्या पेशी निवडून चेतवील, याची हमी कुणी दिलेली नाही. मंदावलेल्या पेशींना जागे करणे रुग्णाच्या फायद्याचे. ज्यांच्या शरीरात त्या आधीच बेफाम व्हायच्या बेतात आहेत, त्यांना तेच महागात पडते. खरोखर काम करणाऱ्या वनस्पतीचाच हा धोका असतो, पाल्यापाचोळ्याचा नव्हे.

अमेरिकेत याच शब्दाखाली विकले जाते इचिनेशिया. तिथल्या गवताळ मैदानांतले हे जांभळट फूल मूळ रहिवासी सर्पदंशापासून दातदुखीपर्यंत वापरत. आपल्याकडे ते होमिओपॅथीच्या दुकानात मूळ अर्काच्या बाटलीत भेटते. त्याचे कूळ करडईचे, म्हणजे 'परभणी कुसुम' पेरणाऱ्या जिल्ह्याला अगदी परके नाही. सर्दीवरच्या या औषधाची कसून परीक्षा झाली. 2005 मध्ये 437 स्वयंसेवकांच्या नाकात मुद्दाम सर्दीचा विषाणू सोडून पाहिले. इचिनेशियाने फरक पडला नाही. 2010 मध्ये विस्कॉन्सिनमधल्या 719 रुग्णांत सर्दी फार तर अर्ध्या दिवसाने लवकर हटल्यासारखी वाटली, पण ती तफावत योगायोगाची असणेही शक्य होते. त्याआधी मुलांवर झालेल्या एका अभ्यासात गुण आला नाही, अंगावर पुरळ मात्र जास्त उठले. आणखी एक गोष्ट आपल्या भागासाठी महत्त्वाची. गाजरगवतही याच कुळातले. ज्यांना त्याने खाज सुटते, डोळे चुरचुरतात, त्यांनी परदेशातल्या पाहुण्याने प्रेमाने आणलेली इचिनेशियाची बाटली न उघडलेली बरी.

आयुर्वेदाच्या ग्रंथांना 'इम्युनिटी' हा एकच सपाट अर्थ मान्य नव्हता. चरकसंहितेवरील टीकेत चक्रपाणी 'व्याधिक्षमत्वा'चे दोन भाग करतो: जडलेल्या रोगाच्या बळाला विरोध करणे आणि रोग उपजूच न देणे. केईएममध्ये जे दिसले ते पहिल्याच्या जवळचे; बाजारात विकले गेले ते दुसरे. चरकाने रसायनांत गुळवेल सांगितली आहे खरी, पण रसायन द्यायचे ते शरीरशोधन करून, माणसाची प्रकृती पाहून आणि पचनाची ताकद जोखून. घनवटीच्या डबीवर या अटी छापत नाहीत.

सोनपेठसारख्या ठिकाणी खरी अडचण वेगळीच आहे. कावीळ झाली की गुळवेल, हा उपाय घरोघरी माहीत. ज्याची कावीळ गुळवेलीनेच आली, त्याला त्यावर आणखी गुळवेल दिली जाणार, आणि डॉक्टरांनी "कुठलं औषध चालू आहे?" असे विचारले तर घरचे "काही नाही" म्हणणार, कारण झाडपाल्याला औषध म्हणायची पद्धतच नाही. रोज काढा किंवा घनवटी घेणाऱ्याची अन्नावरची वासना उडाली, लघवी गडद पिवळी होऊ लागली, कारण नसताना थकवा आला, तर काढा त्याच दिवशी थांबवावा आणि एसजीपीटी, बिलिरुबिन या तपासण्या करून घ्याव्यात. वेळीच थांबवले तर बहुतेकांचे यकृत पूर्वपदावर येते. आधीच यकृताचा आजार, थायरॉइडचा स्वयंप्रतिकारी विकार, संधिवात किंवा सोरायसिस असलेल्यांनी ती रोज घेऊ नये. मधुमेहाची गोळी चालू असेल तर डॉक्टरांना सांगूनच घ्यावी, कारण गुळवेल साखरही उतरवू शकते. आणि दवाखान्यात जाताना गोळ्यांच्या पाकिटांबरोबर काढ्याचा तुकडाही पिशवीत टाकावा. वेल कुठली, हे ओळखायला तो लागतो.